जपानच्या बर्फगावात लॉज चालवायचा तर

पहाटे साडेतीन-चारला पालिकेची बर्फगाडी घरावरून जाते. काचा थरथरतात, पिवळा दिवा भिंतीवर गरगर फिरतो आणि गाडी पुढे गेली की माझ्या दारात गुडघाभर उंच, दगडासारखा घट्ट बर्फाचा बांध उरतो. रस्ता मोकळा करणं पालिकेचं काम. बांध ज्याच्या दारात, त्याचा. सातला पाहुण्यांचा नाश्ता, साडेआठला पहिली लिफ्ट. म्हणजे पाचला मी फावडं घेऊन बाहेर. टोकियोतली नोकरी सोडून लॉज घेतला तेव्हा बेत होता की सकाळी स्की करायची आणि दुपारी पाहुणे बघायचे. पहिल्या अख्ख्या मोसमात मी स्कीवर चार वेळा उभा राहिलो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आता नागानो आणि नीगाता या दोन प्रांतांच्या हद्दीवर सात खोल्यांचा एक जुना पेन्शन चालवतो. छोट्या, घरगुती, युरोपी धाटणीच्या गेस्टहाउसला जपानीत 'पेन्शन' म्हणतात. मी फोनवर 'पेन्शन घेतला' असं सांगितलं तेव्हा आईला वाटलं, मला या वयात निवृत्तिवेतन सुरू झालं.

टोकियोतले आणि पुण्या-मुंबईतले बरेच जण विचारतात की असं काही करता येईल का. प्रश्न बहुतेक व्हिसाचा किंवा घराच्या किमतीचा असतो. छपराबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. खाली सगळंच क्रमाने लिहितो.

गाव निवडणं

सैबेरियातून सुटलेला कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येतो. त्या समुद्रात त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह आहे. वारा त्याची वाफ पिऊन येतो आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांना धडकतो. आपल्याकडे सह्याद्रीला पावसाळी वारा धडकतो तसाच प्रकार, फक्त इथे कोसळतो तो बर्फ. आणि घाट ओलांडला की पलीकडे कोरडं असावं तसं टोकियोच्या बाजूला त्याच दिवशी लख्ख ऊन. नागानोतल्या साकाए गावात मोरिमियानोहारा स्टेशनवर एक उंच खांब उभा आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये बर्फ कुठवर चढला होता त्याची ती खूण, ७.८५ मीटर. जागा बघायला आलात तर त्या खांबाखाली एकदा उभे राहून वर बघा.

होक्काइदोतलं निसेको परदेशी पैशावर वाढलं. तिथे इंग्रजीवर निभावतं, पण जमिनीचे भाव आता सामान्य माणसाच्या हातातले राहिलेले नाहीत. हाकुबा १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमुळे जगाला माहीत झालं. डोंगर देखणे, स्पर्धा दांडगी. नोझावा ओन्सेन हे जिवंत जुनं गाव आहे, बाहेरच्याला आत शिरायला वेळ लागतो. म्योको आणि त्यातलं आकाकुरा यांना २०१५ मध्ये होकुरिकु शिनकानसेन या बुलेट ट्रेनचं जोएत्सु-म्योको स्टेशन मिळालं, तरी तिथे जुने पेन्शन अजून बघण्यासारख्या किमतीत निघतात. युझावा टोकियोहून शिनकानसेनने दीड तासाच्या आत. जमिनीच्या भावांच्या बुडबुड्याच्या काळात, म्हणजे १९९० च्या आसपास, तिथे टोलेजंग फ्लॅटच्या इमारती उठल्या. त्यांतले फ्लॅट आज मोटारसायकलच्या किमतीत विकायला असतात. हुरळू नका. दरमहाचं व्यवस्थापन शुल्क मालकाच्या गळ्यात कायमचं असतं, आणि बऱ्याच इमारतींत पाहुणे ठेवायला मनाई आहे.

माझं मत विचाराल तर स्टेशन, हॉस्पिटल आणि उन्हाळ्यात काहीतरी गिऱ्हाईक, या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात असतील तेच गाव धरा. बर्फ सगळीकडेच भरपूर आहे.

राहण्याचा परवाना, आणि मग घर

परदेशी माणसाने घर-जमीन विकत घ्यायला जपानची आडकाठी नाही. शेतजमिनीला मात्र स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते, आणि देशाबाहेर राहून खरेदी केली तर २० दिवसांत सरकारला कळवावं लागतं. पण घराच्या मालकीमुळे तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

स्वतः धंदा चालवायचा तर 'व्यवसाय-व्यवस्थापन' हा निवासाचा प्रकार लागतो. पूर्वी ५० लाख येन भांडवलावर तो मिळायचा. १६ ऑक्टोबर २०२५ पासून नियम एकदम कडक झाले. आता ३ कोटी येन भांडवल लागतं, म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपये. जपानी, कायम निवासी किंवा दीर्घकाळ निवासी असा किमान एक पूर्णवेळ कर्मचारी लागतो. तुम्हाला किंवा त्या कर्मचाऱ्याला साधारण एन-२ पातळीची (जपानी भाषेच्या परीक्षेतली वरून दुसरी) जपानी यायला हवी. तुमच्याकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी हवी, आणि धंद्याचा आराखडा कर सल्लागारासारख्या अधिकृत व्यावसायिकाने तपासलेला हवा. ज्यांच्याकडे आधीपासून हा परवाना आहे त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंतची मुदत आहे. जुन्या लेखांत, व्हिडिओंत अजून ५० लाखांचाच आकडा फिरतो. त्यावर विसंबू नका.

यातून सरळ वाट एकच दिसते, आणि टोकियोतल्या मराठी आयटीवाल्यांना ती सहज जमण्यासारखी आहे: आधी कायम निवास मिळवा. 'उच्च-कौशल्य' श्रेणीत ८० गुण भरले तर एका वर्षात आणि ७० भरले तर तीन वर्षांत कायम निवासासाठी अर्ज करता येतो. तो हातात आला की भांडवलाची अट, कर्मचाऱ्याची अट, सगळंच गळतं. वैयक्तिक नावावरसुद्धा लॉज चालवता येतो. मी हेच केलं. जपानी जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्यांनाही हीच मोकळीक आहे.

भारतातून थेट पैसा आणणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर अडकतो. घराचा व्यवहार पूर्ण करायची तारीख ठरवताना हे ध्यानात ठेवा. परदेशी कंपनीत गुंतवणुकीचे वेगळे नियम आहेत, त्यासाठी सीए गाठाच.

इथे तीन माणसं लागतील: व्हिसा आणि परवान्यांची कागदपत्रं करणारा ग्योसेई-शोशी, कंपनी आणि मालमत्तेची नोंदणी करणारा शिहो-शोशी, आणि करासाठी झेइरिशी. तिघांचं काम एकालाच द्यायला जाऊ नका, ज्याची सनद नाही ते काम कायद्याने करता येत नाही. कंपनीच्या नोंदणीचा कर भांडवलाच्या ०.७ टक्के असतो, म्हणजे ३ कोटींवर २ लाख १० हजार येन. शिवाय भांडवल १ कोटी येन किंवा जास्त असलेल्या कंपनीला १० टक्के उपभोग कर पहिल्या दिवसापासून लागू होतो. छोट्या धंद्याला सुरुवातीला मिळणारी सूट तिला नाही.

वहीतला हिशेब

सात खोल्या, मोसमाच्या १०० रात्री, ६५ टक्के भराव, खोलीमागे सरासरी २०,००० येन धरा. ४५५ खोली-रात्री, म्हणजे ९१ लाख येन. बुकिंग संकेतस्थळांचं कमिशन १५ टक्के धरलं तर साडेतेरा लाख गेले. पूर्णवेळ कर्मचारी किमान वेतनावर ठेवला (२०२५ च्या वाढीनंतर कुठल्याच प्रांतात ते तासाला १००० येनांखाली नाही) तरी वर्षाचे बावीसेक लाख, वर मालकाचा विम्याचा वाटा सुमारे १५ टक्के. उरले बावन्न लाख. त्यातून रॉकेल, वीज, जेवणाचं सामान, चादरी धुणं, आगीचा विमा, मालमत्ता कर, बर्फयंत्राची दुरुस्ती आणि दरवर्षी छपराखाली निघणारं काही ना काही. शेवटी हातात उरतं ते टोकियोतल्या पगारापेक्षा कमीच.

म्हणून उन्हाळा रिकामा ठेवून चालत नाही. मी जून ते ऑक्टोबर शनिवार-रविवार चालू ठेवतो. टोकियोतली कुटुंबं येतात, त्यांत निशिकासाई या भारतीय वस्तीच्या भागातली मराठी घरंही असतात. बाकीचे दिवस दूरस्थ काम करतो. ज्याला दुसरं उत्पन्न अजिबात नाही त्याने सातऐवजी बारा-चौदा खोल्यांचं घर बघावं, नाहीतर हा नाद सोडावा.

कर्जाचं म्हणाल तर कायम निवास नसलेल्याला व्यापारी बँका सहसा दारातूनच परत पाठवतात. सरकारी 'जपान फायनान्स कॉर्पोरेशन' छोट्या धंद्यांना कर्ज देतं, परदेशी निवासींनाही. आराखडा जपानीत आणि आकडे चोख हवेत.

घर बघायला फेब्रुवारीत जा

मला एजंटाने घर दाखवलं मे महिन्यात. हिरवळ, मागे ओढा, चेरीचा शेवटचा बहर. जानेवारीत कळलं की छपरावरचा बर्फ घसरून बरोबर मागच्या आणीबाणीच्या दारासमोर पडतो. एका रात्रीत दार अर्धं पुरलं गेलं. सकाळी अग्निशमन दलाच्या तपासणीची वेळ ठरलेली! एजंटाला दोष देऊन उपयोग नाही, मीच विचारलं नव्हतं.

म्हणून पहिली नजर छपरावर. छपरं तीन प्रकारची असतात. उताराचं, ज्यावरून बर्फ आपोआप घसरतो; सपाट किंवा कमी उताराचं, जे बर्फ पेलून धरतं; आणि गरम पाण्याने किंवा विजेने वितळवणारं. तिसऱ्याचं बिल छातीत धडकी भरवतं. घसरणारं छप्पर सर्वांत सोयीचं, पण बर्फ पडायला जागा तुमच्याच हद्दीत हवी. शेजाऱ्याच्या अंगणात पडला तर आयुष्यभराचं वैर. छपरावर चढूनच बर्फ काढावा लागणार असेल तर हे गणित करा: बर्फाळ प्रदेशातल्या बांधकामाच्या नियमांत एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर बर्फाचं वजन ३ किलो धरतात. १०० चौरस मीटर छपरावर एक मीटर बर्फ साचला तर ३० टन. तीन भरलेले ट्रक घराच्या डोक्यावर.

दुसरं, घराचं वय. भूकंपाचे नवे नियम जून १९८१ पासून लागू झाले. बांधकाम परवाना त्यानंतरचा आहे का ते बघा. तिसरं, 'केनसा-झुमिशो', म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याची तपासणी झाल्याचा दाखला. तेजीच्या काळात घाईने बांधलेल्या बऱ्याच पेन्शनांकडे तो नसतो, आणि पुढे परवाने काढताना तिथेच गाडं अडतं. चौथं, सांडपाणी. गटार जोडलेलं आहे की अंगणात पुरलेली जोकासो टाकी आहे? टाकी असेल तर किती माणसांसाठीची? सहा जणांच्या टाकीवर वीस पाहुणे चालत नाहीत. पाचवं, गरम झऱ्याचं पाणी येत असेल तर त्याचा हक्क घरासोबत मिळतो की वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि आत शिरल्यावर भिंतींच्या कोपऱ्यांचा वास घ्या. बंद पडलेल्या घरात एक हिवाळा पाणी न काढता गेला असेल तर तो वास लपत नाही.

परवाने

मिनपाकु म्हणजे घरात पाहुणे ठेवण्याचा कायदा १५ जून २०१८ पासून आहे. त्यात वर्षाला १८० दिवसच परवानगी. बर्फाच्या मोसमापुरते ते पुरतील असं वाटतं, पण गावोगावच्या नियमांनी दिवस आणखी कमी केलेले असतात, कधी नेमके मोसमातलेच. पूर्ण धंदा करायचा तर रयोकान (म्हणजे जपानी सराय) व्यवसाय कायद्याखालचा परवाना घ्या. छोट्या लॉजला त्यातला 'कान्-इ शुकुशो' हा साधा प्रकार पुरतो: पाहुण्यांसाठी ३३ चौरस मीटर जागा, किंवा दहापेक्षा कमी पाहुणे असतील तर माणशी ३.३ चौरस मीटर.

पहिली पायरी होकेनजो, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र. घराचा नकाशा घेऊन काहीही विकत घेण्याआधी जा. तिथली माणसं आश्चर्य वाटावं इतकी मदत करतात, फक्त भेटीची वेळ आधी घ्या आणि जपानी बोलणारं कोणी बरोबर न्या. मग अग्निशमन दल. पाहुण्यांच्या घराला, मग ते कितीही छोटं असो, आगीची स्वयंचलित सूचना देणारी यंत्रणा लागतेच. लहान घरांना बिनतारी चालते, ती स्वस्त पडते. बाहेर जाण्याच्या वाटेवरचे हिरवे दिवे, आणि पडद्यांना-गालिच्यांना 'बोएन' म्हणजे आग लवकर न धरणारे अशी चिकटपट्टी हवी. मी घरून हौसेने आणलेले खणाचे पडदे तपासणीच्या आदल्या दिवशी उतरवावे लागले. ते आता आमच्या स्वतःच्या खोलीत आहेत.

साधं राहतं घर लॉजमध्ये बदलताय आणि क्षेत्र २०० चौरस मीटरच्या वर आहे? मग बांधकाम खात्याकडे वापरबदलाचा अर्ज लागतो, आणि तिथेच तो तपासणीचा दाखला मागतात. चालता लॉज विकत घेतलात तर बरंच सुटतं: डिसेंबर २०२३ पासून धंदा हस्तांतरित होताना मंजुरी घेऊन जुन्या मालकाचा परवाना पुढे चालवता येतो. विकणाऱ्याने धंदा बंद करून परवाना परत करण्याआधी हे घडायला हवं, म्हणून बोलणी मोसम संपता संपता सुरू करा.

जेवण देणार असाल तर खानावळीचा वेगळा परवाना आणि अन्न-स्वच्छता जबाबदार व्यक्ती हवी. तिचा वर्ग एका दिवसाचा असतो. पाहुण्यांची नोंदवही तीन वर्षं जपायची. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचं राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक लिहून पासपोर्टची प्रत ठेवायची. गरम झऱ्याची आंघोळ असेल तर माणशी साधारण १५० येन स्नानकर पाहुण्याकडून घेऊन पालिकेत भरायचा. मुक्कामाचा करही आता पसरतोय: निसेकोच्या बऱ्याचशा लिफ्ट ज्या कुत्चान गावात आहेत तिथे नोव्हेंबर २०१९ पासून २ टक्के कर सुरू झाला, होक्काइदो प्रांताने एप्रिल २०२६ पासून आपला वेगळा लावला.

बेगमी

कोकणात मृगाआधी घर शाकारतात, पडवीला झापं बांधतात, लाकूडफाटा आत घेतात, तांदूळ-कडधान्य-सुकी मासळी भरून ठेवतात. इथेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात डिट्टो हेच. त्याला शब्द आहे युकिगाकोई, बर्फासाठी केलेलं कुंपण. तळमजल्याच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी फळ्या आडव्या खोवायच्या, नाहीतर साचलेल्या बर्फाच्या दाबाने काचा फुटतात. झाडांच्या फांद्या वरून दोऱ्यांनी तोलून धरायच्या. रॉकेलची टाकी (आमची ४९० लिटरची) काठोकाठ भरून टँकरवाल्याशी मोसमाचा ठराव करायचा. गाडीला बर्फाचे टायर, डिझेल गाडी असेल तर इथल्याच पंपावर भरलेलं थंडीचं डिझेल. टोकियोत भरलेलं डिझेल उणे तापमानात घट्ट होतं.

बर्फ कुठे टाकायचा त्याचा नकाशा याच वेळी काढा. डिसेंबरात पहिला बर्फ हौसेने दाराजवळ टाकला की फेब्रुवारीत टाकायला जागा उरत नाही. लांबून सुरुवात करा.

भारतीय वाहन परवाना जपानी परवान्यात बदलून घेण्याची परीक्षा ऑक्टोबर २०२५ पासून अवघड झाली आहे, लेखी प्रश्न १० चे ५० झाले. हे काम उन्हाळ्यातच उरका.

बर्फ काढणं

हत्यार एकच शिकून घ्या: 'मामासान डंप'. नाव विनोदी आहे, कारण बायकांनाही सहज ढकलता येईल म्हणून ते निघालं. रुंद सूप आणि त्याला दोन हातांचा दांडा. उचलायचं नाही, सरकवायचं. पहिल्या वर्षी मी फावड्याने उचलून उचलून पाठ धरून बसलो, तेव्हा शेजारचे ओजीसान, म्हणजे आजोबा, आले. वय ७८. बर्फाच्या ढिगासमोर उभे राहिले आणि सुपाच्या धारेने वरून दोन उभे काप दिले, एक आडवा, आणि अख्खा चौकोन सुपात अलगद घेऊन घसरत नेला. खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसं. मग खिशातून मेणबत्ती काढून सुपाच्या तळाला घासली आणि निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत. बर्फ चिकटू नये म्हणून मेण.

छपरावर चढण्याचं, म्हणजे युकिओरोशीचं, गांभीर्याने घ्या. दर हिवाळ्यात या देशात डझनांनी माणसं बर्फ काढताना मरतात, बहुतेक म्हातारी आणि एकटी. एकट्याने कधीच चढायचं नाही. शिरस्त्राण, कमरेला पट्टा, दोर पलीकडच्या बाजूला पक्का बांधलेला, शिडी वर बांधलेली, खिशात फोन. पाय घसरू नये म्हणून छपरावर वीतभर बर्फ राहू द्यायचा, पत्रा उघडा पाडायचा नाही. सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे मोठ्या बर्फानंतर पडलेलं छान ऊन. बर्फ सुटतो आणि माणसासकट खाली येतो. पाहुण्यांची पोरं अशाच दिवशी वळचणीखाली बर्फाचा माणूस करायला जातात. तिथे मी लाल दोरी बांधून ठेवतो. पहिल्या वर्षी पैसे मोजा आणि गावातल्या माणसांकडून छप्पर साफ करून घ्या, स्वतः खाली उभं राहून बघा.

हीटरचं धुराडं भिंतीतून बाहेर निघतं. ते बर्फाने बुजलं तर विषारी वायू घरात भरतो. रोज पहाटे दाराआधी मी तेच मोकळं करतो. खोल्यांतून कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावा.

काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलणं बेकायदा आहे. काही गावांत रस्त्याकडेला वाहत्या पाण्याची बर्फनाली असते, झाकण उघडून बर्फ त्यात सोडायचा. प्रत्येक वाडीची वेळ ठरलेली असते. वेळ सोडून टाकलात तर नाली तुंबते आणि खालच्या आळीत पाणी शिरतं.

पाणी

मिझुनुकी हा शब्द पाठ करा: नळांतलं पाणी काढून टाकणं. घर एक रात्र जरी गरम राहणार नसेल तरी मुख्य झडप बंद, सगळे नळ उघडे, गीझर रिकामा, संडासाची टाकी रिकामी, आणि खालच्या वाकात गोठणरोधक. जानेवारीत मागची जोडखोली चार दिवस बंद होती. मी सगळं केलं, वॉशिंग मशीनमागचा एक नळ विसरलो. पाइप फुटला, पण फुटला ते कळलं नाही, कारण आत बर्फच होता. पाचव्या दिवशी हीटर लावला आणि तासाभराने खालच्या जेवणघरात छतातून धार लागली. त्या दिवसापासून दाराआड नळांची यादी टांगली आहे, खुणा करायला पेन्सिलीसकट.

गाव

येताच पहिल्या आठवड्यात शेजारच्या घरांना छोटी भेट घेऊन जा. चोनाईकाई, म्हणजे आळीच्या मंडळाची वर्गणी भरा. काइरानबान नावाची सूचनांची पाटी घरोघरी फिरते. वाचता येत नसली तरी शिक्का मारून त्याच दिवशी पुढच्या घरी द्या, ठेवून घेऊ नका. कचऱ्याचे वार पाळा. पाहुण्यांनी रात्री दहानंतर रस्त्यात गोंधळ घातला तर सकाळी माफी तुम्ही मागायची.

नोझावा ओन्सेनमध्ये तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. ती पालिका चालवत नाही, आसपासची घरं पाळीपाळीने घासतात आणि खर्च उचलतात. १५ जानेवारीच्या दोसोजिन अग्निउत्सवात ४२ वर्षांचे पुरुष लाकडी मांडवावर बसतात आणि २५ वर्षांचे खाली उभे राहून आग अडवतात. अशा गावात लॉज काढणाऱ्याने स्वतःला कुठली पाळी घेता येईल ते आधी विचारावं. आमच्याकडे मला देवळाच्या पायऱ्यांचा बर्फ दिलाय.

पाहुणे

हा भाग त्या मानाने सोपा. वाळवण्याची खोली मोठी आणि खरोखर गरम हवी. वीस जणांचे ओले बूट सकाळपर्यंत वाळले नाहीत तर नाश्ता कितीही चांगला असो, अभिप्राय वाईट येतो. स्टेशनवरून फुकट आणणं-सोडणं चालतं, पण त्याचे पैसे घेतलेत तर ती बेकायदा टॅक्सी ठरते. हंगामी कामाला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची पोरं वर्किंग हॉलिडेवर, म्हणजे फिरता फिरता काम करण्याच्या व्हिसावर, येतात. भारताशी तसा करार नाही, म्हणून भाच्याला बोलवायचा बेत तिथेच संपतो. भारतीय माणूस ठेवायचा तर 'विशिष्ट कौशल्य' व्हिसात मुक्काम-व्यवसायाची शाखा आहे, परीक्षा देऊन येता येतं.

जेवणाचं आधी विचारा. गावातली उपाहारगृहं मोसमात सहालाच भरतात आणि पाहुणे उपाशी परत येतात. शाकाहारी पाहुण्यांना 'भाज्याच आहेत' म्हणून सूप वाढू नका. इथल्या जवळपास प्रत्येक रश्श्यात सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. मी कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके अळंबीचा वेगळा रस्सा ठेवतो. नोझावाना ही इथली लोणच्याची पालेभाजी, सलगमाच्या जातीची. कोवळी असताना लसूण-मिरचीवर परतली की मुळ्याच्या पाल्याची आठवण येते. ऑस्ट्रेलियन लोक ती पावाबरोबर मागून खातात.

एप्रिल

शेवटचे पाहुणे मार्चअखेर जातात. बर्फ खाली बसू लागला की छपराची पन्हाळी, पत्र्याचे खिळे, भिंतींच्या भेगा बघून फोटो काढा. विम्याचा दावा याच फोटोंवर उभा राहतो. मग फळ्या उतरवायच्या. माझ्या घराच्या बावीस फळ्या आहेत आणि प्रत्येक खाच थोडी वेगळी, त्यामुळे कुठली फळी कुठे ते चुकलं तर नोव्हेंबरात अख्खा दिवस जातो. जुन्या मालकाने प्रत्येकीवर पेन्सिलीने जपानी अंक घातले होते, आता ते पुसट झालेत. गेल्या वर्षी चौदावी कुजली. नवी कापली, तिच्यावर पक्क्या शाईने १४ घातला, देवनागरीत. ओजीसानांनी बराच वेळ तो अंक बघितला आणि विचारलं, बाकीच्या एकवीस कधी लिहिणार?